सोळावा दिवस

दसरा-दिवाळी मागे पडली, की आमच्या सिरसाळ्यावरून जाणाऱ्या परळी-तेलगाव रस्त्याला दरवर्षी एक निराळीच वर्दळ सुरू होते. ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉल्यांत गोधड्यांची गाठोडी, पत्र्याच्या पेट्या, पाण्याचे पिंप, खोपटासाठी लागणारे बांबू, डालग्याखाली कोंबड्या आणि या सगळ्या संसाराच्या माथ्यावर बसलेली माणसे, अशा थाटात ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर असते, आणि ती फिटेपर्यंत, म्हणजे पुढले पाच-सहा महिने, नवरा-बायकोचा एकेक कोयता परमुलुखातल्या फडात वाकलेला राहतो. मागे गावात उरतात म्हातारी माणसे आणि त्यांच्या स्वाधीन केलेली शाळेची पोरे. बीड जिल्ह्यात या दिवसांत गावे निम्मी रिकामी होतात, ही गोष्ट येथे कुणाला सांगावी लागत नाही. आणि नेमकी तीच गोष्ट ज्याला कुणीच सांगितलेली नव्हती अशा एका यंत्राच्या संगतीत मी माझ्या नोकरीची अखेरची काही वर्षे काढली.

मी महसूल खात्यात तलाठी म्हणून १९८५ साली रुजू झालो आणि मंडळ अधिकारी म्हणून २०२० साली निवृत्त होऊन सिरसाळ्याला परतलो. दरम्यान ज्या सजांवर आणि ज्या मंडळात मी काम केले त्यांची नावे येथे लिहीत नाही, कारण पुढे ज्या चुका सांगणार आहे त्या माझ्या आहेत. त्या गावांच्या नावावर त्यांचा फेर धरण्याचे प्रयोजन नाही.

मंडळ अधिकाऱ्याला आमच्याकडे जुनी माणसे अजूनही निजामी अमदानीतल्या नावाने गिरदावर म्हणतात. माझे पहिले गिरदावर निवृत्तीला टेकलेले गृहस्थ होते. त्यांचे शालेय शिक्षण हैदराबाद संस्थानात उर्दूतून झालेले होते, आणि त्यामुळे १९४८ पूर्वीचा एखादा खासरा पुढ्यात आला, की ज्या कागदाकडे आम्ही पोरे नक्षीकाम म्हणून पाहत असू तो ते वर्तमानपत्रासारखा भराभर वाचीत. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक तांबड्या शाईचे पेन, एक निळ्या शाईचे पेन आणि एक पेन्सिल असे. पेने सरकारची, पेन्सिल माझी, असे ते म्हणत. त्या पेन्सिलीचा उपयोग ते एकाच कामासाठी करीत: गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही तपासताना काही नोंदींच्या समासात ते ‘टो’ एवढेच एक अक्षर अत्यंत हलक्या हाताने काढीत, आणि त्या नोंदीला हात न लावता पान उलटीत.

या अक्षराचा अर्थ मला समजायला एक हिवाळा लागला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिचे १५० वे कलम असे सांगते, की तलाठ्याने फेरफाराची नोंद घेतली, की तिची संपूर्ण नक्कल त्याच वेळी चावडीत ठळक जागी लावावी. अभिलेखावरून ज्यांचा हितसंबंध दिसतो त्यांना लेखी कळवावे. कुणी हरकत घेतली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढवावी. आणि योग्य त्या अधिकाऱ्याने चौकशीअंती नोंद प्रमाणित केल्याखेरीज तिचा अंमल सातबाऱ्याला देऊ नये. हरकतीची मुदत पंधरा दिवसांची. आता या योजनेत लेखी नोटिशीपेक्षा चावडीवरच्या कागदाचे मोल अधिक आहे, हे वरवर पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. बाप मेल्यावर थोरल्या भावाने वारसांची यादी देताना एखाद्या बहिणीचे नाव सोडले, तर तिला लेखी नोटीस जाणारच नाही, कारण कागदावर तिचे अस्तित्वच नाही. तिचा एकमेव आधार म्हणजे गावाने तो चावडीवरचा कागद वाचणे आणि पाणवठ्यावर, पारावर किंवा गिरणीत त्याची वाच्यता होणे. ज्या दिवसांत गाव कारखान्यावर गेलेले आहे त्या दिवसांत चावडीवर लावलेली नोटीस म्हणजे बंद घराच्या कडीला मारलेली हाक होय, हे त्या वृद्ध गृहस्थांना ठाऊक होते. ‘टो’ म्हणजे टोळी. तिथली माणसे टोळीत गेलेली आहेत, पाडव्याच्या सुमारास परततील, तोवर ही नोंद राहू द्यावी, असा तो स्वतःला दिलेला हुकूम होता.

मी एकदा धिटाईने विचारले, “साहेब, पण मुदत तर संपली.”

ते म्हणाले, “अहो, कायद्यानं पंधरा दिवसांच्या आत करू नका म्हटलंय. सोळाव्या दिवशी कराच, असं कुठं म्हटलंय?”

हे उत्तर मला त्या वेळी सरकारी नोकराच्या सुस्तीचे समर्थन वाटले होते.

संगणक आमच्या दप्तरात एका दिवसात आला नाही. प्रथम हस्तलिखित सातबारे टंकून घेण्यात आले, मग ई-फेरफार नावाची आज्ञावली आली, मग टंकलेला आणि हस्तलिखित सातबारा तंतोतंत जुळवण्याची मोहीम झाली, आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांना मिळू लागला. सबंध राज्यात सातबारे अडीच कोटींच्या घरात. एवढे दप्तर उलथेपालथे करून पुन्हा लावण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत मीही खारीचा वाटा उचलला आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. जुन्या पद्धतीचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा जमाबंदीच्या दिवसांतला तलाठी पाहिला पाहिजे होता. एका खातेदाराच्या सगळ्या गटांची बेरीज ८-अ ला जुळवण्यासाठी तो कंदिलाच्या उजेडात रात्र-रात्र बसे, आणि पहाटे बेरीज जुळली तर ती खरोखर जुळली आहे की झोपेने जुळवली आहे याची त्याची त्यालाच खात्री नसे. पुण्याला संगणकशास्त्र शिकवणारी माझी एक भाची आहे. तिने मला सांगितले, की लिकलायडर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० साली मनुष्य आणि संगणक यांच्या सहजीवनावर एक निबंध लिहिला, आणि त्यासाठी स्वतःच्याच कामाच्या तासांचा हिशेब ठेवला, तेव्हा विचार करण्यात गेला असे त्याला वाटत होते त्या वेळापैकी सुमारे ८५ टक्के वेळ केवळ विचाराची सामग्री जमवण्यात, म्हणजे शोधाशोध, आकडेमोड आणि आलेख काढणे यांत गेल्याचे त्याला आढळले. मी तिला म्हणालो, “बाई, त्यानं आमच्या चावडीत येऊन पाहायला हवं होतं, ८५ चे ९५ झाले असते.”

हे ओझे यंत्राने उचलले. पण त्याने उचललेल्या कामाच्या कडेला नेहमी थोडेसे काम सांडत असे, आणि ते सांडलेले काम कोणत्या जातीचे असते, हे मला एका आराने शिकवले.

मराठवाड्यातल्या जुन्या नोंदी एकर-गुंठ्यांत. त्या हेक्टर-आरांत आणताना एक गुंठा म्हणजे १.०१ आर आणि वर काही किरकोळ, असा हिशेब पडतो. एका गावी ४ एकर ३५ गुंठ्यांचा गट तिघा भावांत समान वाटलेला होता. गट १९५ गुंठ्यांचा. त्याचे १९७ आर आणि अपूर्णांक होतात, म्हणून एकूण क्षेत्र लिहिले गेले १ हेक्टर ९७ आर. प्रत्येक भावाचे गुंठे ६५; त्यांचे ६५.७६ आर होतात, म्हणून प्रत्येकाच्या नावापुढे पूर्ण करून लिहिले ६६ आर. तीन सहासष्टे १९८. कित्येक वर्षे तो सातबारा असाच चालला. तिघांनी त्यावर कर्जे काढली आणि फेडली, कुणाचे काही अडले नाही. यंत्राने मात्र पहिल्याच तपासणीत तो विसंगतीच्या यादीत टाकला: खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या क्षेत्राशी जुळत नाही. यंत्राचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. आता तो एक आर कुणाच्या नावचा कमी करायचा, हे मात्र त्याला सांगता येत नव्हते.

मी तिघांना चावडीत बोलावले. जो आर जमिनीवर कुठेही नव्हता, केवळ आकडे पूर्ण करताना जन्मला होता, त्याच्यावरून ज्या भावांत आजवर बांध कोरण्याचे भांडण झाले नव्हते ते भाऊ तासाभरात एकमेकांची उणी काढू लागले. मी आर मोडून चौरस मीटरपर्यंत गेलो, तर प्रत्येकी ६५ आर ६७ चौरस मीटर आले, आणि त्याची तिप्पट केली तर पुन्हा एक चौरस मीटर अधिक. एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा! अखेर थोरला म्हणाला, “साहेब, ती मही कमी करा. मला कुठं नवी बैठक घालायची हाय?” बाकीचे दोघे हसले आणि प्रकरण मिटले. यंत्रात मी त्याच्या नावापुढे ६५ आर ६६ चौरस मीटर लिहिले, बेरीज जुळली, आणि तो गट यादीतून नाहीसा झाला. पण ज्या वाक्याने ती बेरीज जुळली ते लिहिण्याला त्या पडद्यावर रकाना नव्हता.

अशाच विसंगतींपैकी ज्या यंत्राला दिसूच शकत नव्हत्या त्या २०१७ च्या उन्हाळ्यात चावडी वाचनात सापडल्या. टंकलेले सातबारे गावापुढे मोठ्याने वाचून दाखवायचे, असा तो कार्यक्रम होता. जुन्या दप्तरात बाईच्या नावापुढे जौजे अमुक आणि पुरुषाच्या नावापुढे वल्द अमुक असे लिहिलेले असे. टंकताना कुठे जौजेचे वल्द झाले होते, म्हणजे एका सासुरवाशिणीला आम्ही तिच्या नवऱ्याची लेक करून टाकले होते. किसन, किशन आणि कृष्णा हे यंत्राच्या दृष्टीने तीन इसम. गावाच्या दृष्टीने एकच, तोही समोर बसून तंबाखू मळणारा. वाचनाला उन्हाळा निवडला गेला होता आणि टोळ्या परत आलेल्या होत्या, म्हणूनच या चुका कानांनी पकडल्या; तेच वाचन पौषात झाले असते तर मी भिंतींना सातबारा ऐकवला असता. इतके सगळे डोळ्यांपुढे घडत असूनही त्यातला टोळीचा धागा माझ्या ध्यानात आला नाही, याचे मला आज नवल वाटते.

माझ्या भाचीने मला आणखी एका जुन्या अहवालाची हकिकत सांगितली होती. १९५१ साली पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, विमानांच्या हवाई वाहतुकीचे नियंत्रण करताना माणसाने काय करावे आणि यंत्राने काय करावे, हे ठरवण्यासाठी दोन याद्या केल्या होत्या. अंधुक खूण ओळखणे, प्रसंग पाहून मार्ग बदलणे, अनुभवावरून अनुमान काढणे, तारतम्य ठेवणे ही माणसाची बाजू. झटपट प्रतिसाद, कंटाळवाणे काम न थकता करणे, अचूक गणित, एका वेळी अनेक कामे ही यंत्राची बाजू. पुढे कित्येक वर्षे या क्षेत्रातल्या लोकांनी त्या याद्यांना नावे ठेवली आणि त्या याद्या वापरल्याही, असे ती म्हणाली. मला त्या याद्या वाचून परमसंतोष झाला. आमच्या आज्ञावलीतही हीच वाटणी होती. अर्ज ऐकणे, माणूस ओळखणे, चौकशी करणे आणि निर्णय देणे आमच्याकडे. क्रमांक देणे, बेरजा करणे, नोटिशी छापणे, दिवस मोजणे यंत्राकडे. दिवस मोजणे हे गणित, गणित यंत्राचे. या वाटणीत खोट काढण्यासारखे मला काहीच दिसले नाही.

खोट होती ती याच शेवटल्या कामात. पंधरा दिवस मोजणे हे मोजणे असल्याचे भासते, परंतु आमच्या जुन्या गिरदावरांच्या हातात ते मोजणे नव्हतेच. ते वाट पाहणे होते. मोजणाऱ्याला तारीख पुरते. वाट पाहणाऱ्याला मात्र आपण कुणाची वाट पाहत आहोत हे ठाऊक असावे लागते. नव्या व्यवस्थेत तलाठी नोटीस बजावल्याची तारीख भरी, आणि तेथून पुढचे दिवस यंत्र स्वतःच मोजी. मुदत पुरी होईपर्यंत मंडळ अधिकाऱ्याने कितीही इच्छा केली तरी त्याला नोंद प्रमाणित करता येत नसे, आणि हे फार चांगले होते, कारण पूर्वी वजनदार माणसाची नोंद तिसऱ्या दिवशी प्रमाणित होऊन तिच्यावर मागली तारीख पडल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. पण मुदत पुरी झाली, की तीच नोंद प्रलंबित नोंदींच्या यादीत जाऊन बसे. दर महिन्याच्या बैठकीत ती यादी मोठ्याने वाचली जाई, आणि ज्याच्या नावावर अधिक नोंदी त्याने उभे राहून खुलासा करायचा. कायद्याने जी किमान मुदत म्हणून सांगितली होती ती कुणाच्याही हुकुमाशिवाय, एक ओळही न बदलता, कमाल मुदत होऊन गेली. सोळावा दिवस हा नोंद करता येण्याचा पहिला दिवस होता; तो आता न केल्याच्या गुन्ह्याचा पहिला दिवस झाला.

आणि मी, ज्याने गिरदावरांची पेन्सिल पाहिली होती, तो बैठकीत उभे राहण्याचा प्रसंग येऊ नये म्हणून दर सकाळी अंगठा लावून यंत्र उघडी आणि सोळाव्या दिवसात आलेल्या नोंदी एकेक करून प्रमाणित करी. माझी यादी जिल्ह्यात लहानांत लहान असे. त्याबद्दल एकदा माझे जाहीर कौतुकही झाले.

चैत्रात एक बाई आली. चाळिशीची असेल, नवरा गेल्यावर माहेरी येऊन राहिलेली, भावकीतल्या टोळीबरोबर ऊसतोडीला जाणारी. हातांवर उसाच्या पाचटाने कापल्याच्या रेघा होत्या. तिचा बाप भाद्रपदात वारला होता. टोळी निघाल्यावर, मार्गशीर्षात, भावांनी वारसाची नोंद करून घेतली होती, आणि तीत आई व दोन भाऊ एवढीच नावे होती. तिने ई-सेवा केंद्रातून काढून आणलेला सातबारा माझ्या टेबलावर ठेवला. त्यावर कुणाची सही नव्हती, सही डिजिटल होती. तिला वाचता येत नव्हते, पण आपले नाव किती लांबीचे असते हे तिला ठाऊक असावे, कारण तिने नेमके त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवले.

“साहेब, ह्याची नोटीस लावली व्हती का?”

मी यंत्र उघडून पाहिले. नोटीस निघाल्याची तारीख होती, बजावल्याची होती, चावडीवर लावल्याचा दाखला होता, मुदत पुरी झाल्याची खूण होती, आणि सोळाव्या दिवशी सकाळी माझे नाव होते. “बाई, चावडीला लावली होती,” मी म्हणालो.

“मंग तवा गावात कोण व्हतं?”

मी काही बोललो नाही. कोतवाल दारात उभा होता. तो खालच्या आवाजात म्हणाला, की साहेब, मला माहीत होते त्यांच्या घरात एक लेक आहे म्हणून, पण कुणी विचारले नाही. आणि तेही खरे होते. जुन्या पद्धतीत मी कोतवालाला बरोबर घेऊन गावी जात असे आणि वाटेत त्याच्या तोंडून निम्मे गाव मला कळत असे. नव्या पद्धतीत मी मंडळाच्या ठिकाणी बसूनच पाच गावांच्या नोंदी हातावेगळ्या करू शकत होतो, आणि करीत होतो.

नोंद एकदा प्रमाणित झाल्यावर ती मला स्वतःला बदलता येत नव्हती. संहितेच्या १५५ व्या कलमाखाली लेखनातल्या चुका दुरुस्त होतात. वगळलेला वारस ही लेखनाची चूक नव्हे. तिला अपिलात जावे लागणार होते, आणि अपिलाची साठ दिवसांची मुदतही उलटून गेली होती, म्हणून विलंब माफीचा अर्ज वेगळा. मी तिला एका वकिलाचे नाव सांगितले आणि विलंबाची कारणे एका कागदावर लिहून दिली. माझ्याच आदेशाविरुद्ध माझ्याच अक्षरातली ती कारणे वकिलाने जवळजवळ जशीच्या तशी वापरली, असे मला पुढे कळले. तिचे नाव सातबाऱ्याला लागायला दोन हंगाम गेले. मधल्या काळात भावांनी त्या जमिनीवर पीककर्ज काढले होते. ते फिटले की नाही ते मला माहीत नाही.

पुढे निवृत्तीला थोडे महिने उरले असता एका प्रशिक्षणवर्गात मला बोलायची संधी मिळाली. आज्ञावलीत एक लहानसा रकाना द्यावा, असे मी सुचवले: ‘हितसंबंधी व्यक्ती गावात नाहीत, अमुक तारखेपर्यंत प्रतीक्षा.’ तेथे जो तरुण अभियंता होता त्याने माझे बोलणे फार शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “सर, मग तो रकाना सगळेच भरतील.” मी त्याच्याशी वाद घातला नाही, कारण त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मुदत संपल्यावरही नोंद अडवून ठेवणे आणि अर्जदाराला खेटे घालायला लावणे हा चिरीमिरीचा राजमार्ग होता, हे या खात्यात केस पांढरे झालेल्या माणसाने नाकारू नये. आमच्या गिरदावरांची पेन्सिल शुद्ध होती. परंतु तशाच पेन्सिली इतरांच्या खिशांतही होत्या, आणि त्यांनी काढलेल्या खुणा टोळीसाठी नसत. वाट पाहण्याचा अधिकार ज्याच्या हाती तो त्याचा भाव करू शकतो. म्हणून यंत्राने तो अधिकार सरसकट काढून घेतला. त्यात चोराबरोबर साधूचीही झडती झाली.

लिझान बेनब्रिज या ब्रिटिश विदुषीने १९८३ साली यंत्रचालनातल्या विरोधाभासांवर एक छोटासा निबंध लिहिला. भाचीने त्याचा मथितार्थ मला समजावून दिला तेव्हा मी जरा वेळ गप्प बसलो. रचनाकार जेवढे जमेल तेवढे काम यंत्राकडे देतो, आणि जे कसे सोपवावे हे त्याला सुचत नाही ते माणसाकडे उरते; शिवाय यंत्र नीट चालले आहे ना, याच्यावर नजर ठेवण्याचे कामही त्याच माणसाला देतात, ज्याची नजर आता रोजच्या वापराअभावी मंदावलेली असते. माझी नजर कशी मंदावली ते मी वर सांगितलेच आहे. फक्त एका गोष्टीत बेनब्रिजबाईंना आमच्याकडचा मासला दाखवायला हवा होता: आमच्या बाबतीत उरलेले काम अवघड म्हणून उरले नव्हते. ते काम आहे हेच कुणाच्या ध्यानात आले नव्हते, कारण ते समासात, पेन्सिलीने होत असे.

निवृत्तीनंतर मी पलीकडच्या बाजूला आलो, म्हणजे निव्वळ खातेदार झालो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी पिकांची नोंद तलाठी करी, आणि ती पुष्कळदा शिवारात न जाता चावडीत बसून, गतसालचे पान पुढे ठेवून करी, हे मी कबूल करतो. आता शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा. जागा यंत्र ओळखते, पीक माणूस सांगतो. चुकले तर ४८ तासांत दुरुस्त करता येते. आणि तलाठ्याने नमुन्यादाखल दहा टक्के नोंदी तपासायच्या. वाटणी मोठी चतुर आहे, आणि पहिल्या वर्षी माझ्या दोन एकर सोयाबीनचा फोटो मी काढला तेव्हा पस्तीस वर्षांत प्रथमच एखादी पीकनोंद शंभर टक्के खरी झाल्याचे समाधान मला लाभले. पण रब्बीच्या हरभऱ्याच्या वेळी शेजारचे तीन गट कुलूपबंद घरांसारखे उभे होते. त्यांचे मालक फडात. मग मीच बांधावरून बांधावर गेलो आणि त्यांच्या म्हाताऱ्या आई-बापांकडून आकडे विचारून, त्यांच्या खात्याने फोटो काढून दिले. यंत्राने माझी जागा बरोबर ओळखली. मी कोण आहे, हे त्याने विचारले नाही.

त्या तिघांनी पाडव्याला परत आल्यावर एक विनंती केली. म्हणाले, अप्पा, आमच्या जमिनीचं काही निघालं तर आम्हाला फोन करत जा. त्यांनी सहज म्हटले, मी ते मनावर घेतले. चालू फेरफारांच्या नोटिशी आता संकेतस्थळावर ‘आपली चावडी’ या नावाखाली कुणालाही पाहता येतात: गाव निवडले, की फेरफार क्रमांक, गट क्रमांक, आणि हरकतीची अखेरची तारीख, सगळे समोर येते. चावडी भिंतीवरून उठून मोबाइलमध्ये आली, आणि ही सोय खरोखर थोर आहे. फक्त ती वाचायला कुणी तरी बसले पाहिजे. फडात पहाटे चारला उठून कोयता चालवणारा माणूस रात्री खोपटात परतल्यावर संकेतस्थळ उघडून आपल्या गावचे फेरफार पाहील, ही अपेक्षा ज्याने केली असेल त्याने मोळी उचलून पाहिलेली नाही.

म्हणून दसऱ्यानंतर मी एक वही घालतो. पहिल्या वर्षी तीन गट होते. यंदा एकतीस आहेत. सिरसाळ्याचे आहेत, आसपासच्या वाड्या-वस्त्यांचे आहेत, एका घरचे तर नातेवाईक दुसऱ्या तालुक्यातले. प्रत्येक गटापुढे मुकादमाचा आणि टोळीतल्या एखाद्या शिकलेल्या पोराचा मोबाइल क्रमांक असतो, आणि समासात मी पेन्सिलीने ‘टो’ लिहितो. दर रविवारी सकाळी चहा झाला, की ओट्यावर बसून गावे एकेक करून उघडतो आणि वहीतले क्रमांक पडद्यावरच्या क्रमांकांशी ताडून पाहतो. बायको म्हणते, निवृत्त झालात तरी सजा सुटली नाही. बहुतेक रविवारी काहीच निघत नाही.

काल निघाले. वारसाची नोंद आहे. गट वहीतला आहे. टोळी कर्नाटकात बेळगावच्या बाजूला आहे असे मुकादमाने दिवाळीत सांगितले होते. रात्री दोनदा फोन लावला, फडात रेंज नसावी, लागला नाही. आज संध्याकाळी, ती माणसे गाडी भरून रस्त्याला लागतात त्या सुमारास, पुन्हा लावणार आहे. अजून नऊ दिवस आहेत.